शोकांतिका कोणाची, हे संच ठरवतो

जुनं नाटक ‘नव्या संचात’ येणार अशी जाहिरात झळकली की मुंबईत एक ठरलेला वाद सुरू होतो. दादरला शिवाजी मंदिराच्या पायऱ्यांवर, गिरगावात साहित्य संघाच्या दारात, मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत तो ऐकू येतो. एकाचं म्हणणं असतं, मालिकेतला चेहरा घेतला, आता नाटकाचं वाटोळं होणार. दुसरा म्हणतो, नाव नसेल तर तिकीट कोण काढणार आणि निर्मात्याने खायचं काय? तिसऱ्याच्या मते डॉक्टर श्रीराम लागूंनंतर ‘नटसम्राट’च्या वाटेला कोणी जाऊच नये. चौथा सगळ्यांना गप्प करत सांगतो, नट तो नट, त्याला काहीही करता आलं पाहिजे. चौघंही तावातावाने बोलतात, आणि चौघांचंही गृहीतक एकच असतं. भूमिका आधीच बेतून, शिवून ठेवलेली आहे; कोणाच्या अंगाला ती बसते आणि कोणाला ढगळ होते, एवढंच काय ते बघायचं. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. कोणाला कुठली भूमिका दिली, हे नाटकावरचं पहिलं भाष्य असतं. पहिली घंटा होण्याआधी, एकही वाक्य बोललं जाण्याआधी ते झालेलं असतं, आणि पुढे दिग्दर्शकाने प्रकाशयोजना बदलली, नेपथ्य बदललं, तरी ते पुसता येत नाही. शोकांतिकेत तर याने सगळाच फरक पडतो, कारण प्रेक्षकाने कोणासाठी रडायचं आणि कोणाला दोष द्यायचा, हे बऱ्याच अंशी पात्रयोजनेतच ठरून गेलेलं असतं.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप आधीच घेतो. नाटक नाटककाराचं असतं. शब्द त्याचे, घटना त्याच्या, शेवट त्याचा. नट येतात आणि जातात, संहिता राहते. हे खरंच आहे, आणि संहितेबद्दलचा हा आदर मलाही हवा आहे. हाताला येईल तसं नाटक कापून त्याला ‘नवा अन्वयार्थ’ म्हणण्याची जी हौस अधूनमधून दिसते, तिच्यापेक्षा तो आदर शंभरपट बरा. पण संहिता शब्द देते, ते शब्द कोणाच्या तोंडी जास्त जड होतील हे देत नाही. दोन माणसं समोरासमोर उभी असतात, दोघांकडेही बोलायला वाक्यं असतात. प्रेक्षकांची नजर कोणावर खिळते? हे नाटककाराच्या हातात नसतं. आणि मराठी रंगभूमीवर याचा सगळ्यात मोठा पुरावा शंभर वर्षांहून जास्त काळ आपल्या डोळ्यांसमोर आहे.

राम गणेश गडकरींचं ‘एकच प्याला’ २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्याला रंगमंचावर आलं. गडकरी त्याआधी महिनाभरच, २३ जानेवारीला गेले होते. म्हणजे आपलं नाटक उभं राहिल्यावर त्याचं काय झालं, हे बघायला लेखकच नव्हता. संहिता वाचा. नावापासून ते सुधाकराचं नाटक आहे. हुशार, मानी वकील. अपमान सहन न होणारा. सनद काही काळासाठी हातची जाते आणि त्या घायाळ अवस्थेत तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. तिथून पुढे एकेक पायरी उतरत तो स्वतःच्या मुलाच्या मृत्यूपर्यंत आणि शेवटी विषापर्यंत पोचतो. ही शोकांतिकेची अगदी जुनी, कसदार रचना आहे. माणूस मोठा आहे, त्याच्यात एक भेग आहे, आणि त्या भेगेतून सगळं घर कोसळतं. दारूवरची गडकरींची सगळी प्रखर गद्य भाषा सुधाकराच्या तोंडी आहे. ‘आता सोडतो’ आणि ‘आता सुटत नाही’ यांच्यामधली तडफड त्याची आहे.

पण नाटक गंधर्व नाटक मंडळीने केलं. सुधाकर झाले गणपतराव बोडस, आणि त्याची बायको सिंधू झाले बालगंधर्व. बोडस लहानसहान नट नव्हते. त्यांचा सुधाकर नावाजला गेला. तरीही पुढची कितीतरी वर्षं हे नाटक लोकांच्या मनात राहिलं ते सिंधूचं नाटक म्हणून. कारण उघड आहे. भरजरी शालू नेसलेले बालगंधर्व बघायला महाराष्ट्र वेडा झाला होता, त्यांच्या पातळांची आणि दागिन्यांची नक्कल खऱ्याखुऱ्या घरातल्या बायका करत होत्या. तेच बालगंधर्व या नाटकात ठिगळं लावलेल्या लुगड्यात जात्यावर दळायला बसले. त्या क्षणी प्रेक्षकांना नुसती एका वकिलाची दरिद्री झालेली बायको दिसली नसणार. भामिनी, रुक्मिणी आणि आधीच्या कितीतरी ऐश्वर्यवान नायिका त्या ठिगळांच्या लुगड्यात एकदम बसलेल्या दिसल्या असणार. ही कळ संहितेत नाही. नटाच्या मागच्या भूमिकांमधून ती आली. त्यात विठ्ठल सीताराम गुर्जरांची पदं आणि तो गळा. ‘कशि या त्यजू पदाला’ हे पद सुरू झालं की नवऱ्याने काय केलं हा प्रश्न मागे पडतो आणि बायकोची निष्ठा एवढंच उरतं. वर वन्स मोअर. सुधाकराची घसरण तिथल्या तिथे थांबून राहायची आणि सिंधूचं दुःख पुन्हा, आणखी गोड होऊन, पहिल्यापासून सुरू व्हायचं.

यात बालगंधर्वांचा दोष मी काढत नाही. असा कलावंत एखाद्या भाषेला पुन्हा मिळत नाही. मला म्हणायचं आहे ते असं: एका भूमिकेच्या निवडीने व्यसनी माणसाची शोकांतिका पतिव्रतेची शोकांतिका झाली, आणि त्या बदलाचे परिणाम साधे नव्हते. शेवटच्या अंकातला एक प्रसंग जवळून बघू. मूल गेलं आहे, सिंधूच्या डोक्याला जबर मार लागला आहे, आणि मारणारा नवराच आहे. फौजदार जबानी घ्यायला येतो. मरणाच्या दारात पडलेली बाई नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटं बोलते. कागदावर हा प्रसंग भयंकर आहे. सुधाकराच्या बाजूने वाचला तर त्याची शिक्षा इथे पूर्ण होते, कारण ज्या बाईला त्याने मारलं तिनेच त्याला माफ केलं, आणि आता तुरुंगाचाही आसरा त्याला उरला नाही. पण प्रेक्षक दोन अंक सिंधूच्या सुरात न्हालेला असेल, तर त्याच प्रसंगात त्याला फक्त तिच्या त्यागाची भव्यता दिसते. तिचं खोटं बोलणं पूजनीय होतं. सोसणं हाच बाईचा मोठेपणा, हा धडा घेऊन पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षक घरी गेले. तो सगळाच्या सगळा गडकरींनी दिला असं म्हणणं अर्धसत्य ठरेल. याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे, नवऱ्याला तोंडावर सुनावणारी. ती आठवते किती जणांना?

इथे कोणी म्हणेल, पुरुषाने स्त्रीची भूमिका करूनही लोक ढसाढसा रडले, म्हणजे नट कोण याला महत्त्व नाही हेच सिद्ध होतं. मला याच्या बरोबर उलट दिसतं. सिंधूचं सोसणं इतकं सुंदर दिसू शकलं, कारण ते सोसणारं शरीर बाईचं नव्हतं. ती पुरुषाने कल्पनेत घडवलेली, पुरुषानेच साकारलेली बाई होती. तिच्या दुःखाला सूर होता, डौल होता. १९३३ साली मुंबईत ‘आंधळ्यांची शाळा’ आलं, ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक रंगमंचावर उभ्या राहिल्या, आणि कुलीन बायकांनी नाटकात काम करावं की नाही यावर चाललेल्या चर्चेचा तोल बदलला. तेव्हा ‘शोभतं का’ एवढ्यावरच भांडण झालं. नाटकांचे अर्थ बदलणार आहेत हे फार कमी जणांनी बोलून दाखवलं. आज एखादी अभिनेत्री जात्याशी बसते तेव्हा प्रेक्षागृहात काय होतं? मी बघितलेल्या प्रयोगांत पहिल्या रांगेतल्या आजी डोळे पुसतात आणि मागच्या रांगेतली कॉलेजची मुलगी शेजारणीला विचारते, ‘ही निघून का जात नाही?’ तो प्रश्न उद्धट नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झालेल्या देशातली ती प्रेक्षक आहे. खऱ्या बाईच्या खऱ्या खांद्यांवर ते लुगडं पडलं की हा प्रश्न उठतोच. दिग्दर्शकाने त्याला तोंड द्यायचं की अभिनेत्रीलाही बालगंधर्वांच्याच लकबी शिकवून तो दडपायचा? बहुतेक पुनरुज्जीवनांत दुसरी वाट धरली जाते, आणि तिला परंपरा म्हटलं जातं.

(तळीरामाबद्दलही एक सांगायला हवं. ही भूमिका लोकप्रिय विनोदी नटाला द्यायची रूढीच आहे. हशा वसूल होतो, पण दारू पाजणारा माणूस नाटकातला सगळ्यात लाडका माणूस होऊन बसतो. त्याचं मरणसुद्धा टाळ्या घेऊन जातं.)

आता दुसरा आक्षेप, पैशाचा. तो टिंगल करून झटकण्यासारखा नाही. मुंबईत नाट्यगृहाचं भाडं, टेम्पो, कलाकारांची नाइट म्हणजे प्रयोगाचं मानधन, जाहिरात, हे सगळं बुकिंगच्या खिडकीवरून उभं राहतं. नाव चालतं म्हणून बाकीच्या पंधरा जणांची चूल पेटते. आणि नावासाठी नट घेण्याची चाल मालिकांनी आणलेली नाही. बालगंधर्व हेच मुळी त्या काळचं सगळ्यात मोठं नाव होतं. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून केलेल्या ‘राजमुकुट’मध्ये १९५४ साली दुर्गा खोटे होत्या, पडद्यावरची ती कीर्ती घेऊनच त्या रंगमंचावर आल्या. तेव्हा ‘स्टार घेतला म्हणून नाटक बुडालं’ हा सूर मला मान्य नाही. माझा प्रश्न पुढचा आहे: तो स्टार स्वतःबरोबर जे काही घेऊन येतो, त्याचं तुम्ही नाटकात काय करता? १९७१ साली ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने पहिलं नाटक केलं ते गिरीश कार्नाडांचं ‘तुघलक’. अनुवाद तेंडुलकरांचा, दिग्दर्शन अरविंद देशपांडेंचं, आणि तुघलक अरुण सरनाईक. चित्रपटातला देखणा, लाघवी नायक. कोणी म्हणालं असतं, क्रूर, चक्रम सुलतानाला हा कशाला? पण त्या सुलतानाची शोकांतिका समजायची तर आधी त्याच्या स्वप्नांवर आपला विश्वास बसावा लागतो. राजधानी हलवण्याचा हुकूम मूर्खपणाचा वाटण्याआधी तो भव्य वाटावा लागतो. लोक ज्याच्यावर आधीच लुब्ध आहेत असा माणूस तिथे उभा केला, की प्रेक्षकही त्या प्रजेसारखाच फसतो. नावाचा असा उपयोग केला तर ते नाव नाटकाच्या कामाला येतं. फक्त पोस्टरवर छापायला घेतलं, तर नाटक त्या नावाच्या कामाला लागतं.

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चा इतिहास इथे टाळता येत नाही, कारण पात्रयोजनेने अर्थ कसा उलटतो याची सगळ्या जगाला परिचित अशी ती चाचणी आहे. १८३३ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये एडमंड कीन कोसळल्यावर आयरा ऑल्ड्रिज हा काळा नट ऑथेल्लो म्हणून उभा राहिला. त्याआधी अशा मोठ्या रंगमंचांवर काळ्या सेनापतीची ही भूमिका तोंडाला रंग फासून गोरेच करत होते. शेक्सपिअरचा एक शब्द बदलला नव्हता, पण वृत्तपत्रं संतापली. कशामुळे? ऑथेल्लोच्या गोऱ्या बायकोला, डेस्डिमोनाला, हात लावणारा हात आता रंगवलेला नव्हता. १९४३ साली पॉल रोबसनने ब्रॉडवेवर तीच भूमिका केली, २९६ प्रयोग झाले. १९८७ साली वर्णभेदाच्या राजवटीत, जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरमध्ये जॉन कानी ऑथेल्लो झाला आणि व्हेनिसच्या सेनापतीचं लग्न हा त्या शहरातला चालू राजकीय प्रश्न झाला. इथवर गोष्ट सोपी वाटते: ज्याचं दुःख त्यालाच भूमिका द्या. पण गोष्ट इथे संपत नाही. ह्यू क्वार्शी या काळ्या ब्रिटिश नटाने पुढे उलटा प्रश्न विचारला. काळ्या नटाने ही भूमिका केली, तर ‘काळा माणूस असाच, मत्सराने पेटून बायकोचा गळा दाबणारा’ या समजाला तो स्वतःच साक्ष देत नाही का? याच क्वार्शीने २०१५ साली रॉयल शेक्सपिअर कंपनीत ऑथेल्लो केला, पण तेव्हा ऑथेल्लोचे कान भरणारा इयागोही लूशन म्सामाती हा काळा नट होता. एका निवडीने द्वेषाचा सगळा आधार हलला. ऑथेल्लो इयागोवर इतका विसंबतो का, याला नवं कारण मिळालं. आणि मत्सर हा एका वर्णाचा गुण राहिला नाही.

आपल्याकडे दिग्दर्शक रॉयस्टन एबलने १९९९ साली या नाटकाला असंच आपलं केलं. त्याच्या प्रयोगात एक नाटक मंडळी ‘ऑथेल्लो’ बसवते आहे आणि मुख्य भूमिका आसामहून आलेल्या, इंग्रजीत कमी पडणाऱ्या नटाला मिळते. ती भूमिका केली आदिल हुसेन यांनी, जे स्वतः आसामचे. इथे वेगळेपण कातडीच्या रंगात कमी आणि उच्चारांत, प्रांतात, वर्गात जास्त आहे.

आणि हे वाचून मला मराठी रंगभूमीबद्दल विचारावंसं वाटतं: आपल्या शोकांतिकांचे नायक बोलतात कोणाच्या मराठीत? मुंबईत मालवणी आहे, आगरी आहे, सातारी-कोल्हापुरी आहे, वऱ्हाडी आहे. पण रंगमंचावर ती बहुधा नोकराच्या, रिक्षावाल्याच्या, विनोदी मामाच्या तोंडी येते. दुःख मोठं असेल तर ते स्वच्छ, सानुनासिक, पुस्तकी उच्चारांतच झालं पाहिजे, असा अलिखित नियम आहे. ‘नटसम्राट’मधल्या बेलवलकरांच्या, त्या निवृत्त नटाच्या बाबतीत मी हा आग्रह समजू शकतो, कारण वाणी हीच त्या माणसाची कमाई आहे. पण सुधाकराला ही सक्ती कशासाठी? समजा, सुधाकराची भूमिका अशा नटाला दिली ज्याच्या बोलण्यातून, वावरण्यातून कळतं की हा घराण्यातला पहिला वकील आहे. ज्यांच्या आज्याला कचेरीच्या पायरीखाली उभं केलं जायचं त्या घरातला. संहितेतला एक काना बदलू नका. आता न्यायालयातला तो अपमान आठवा. वरच्या जातीच्या, खात्यापित्या घरच्या सुधाकराने तो अपमान मनाला लावून घेतला, तर आपण त्याला तापट आणि गर्विष्ठ म्हणतो. या दुसऱ्या सुधाकराला तसं म्हणताना जीभ अडखळते. त्याची सनद जाणं म्हणजे एका माणसाची सहा-आठ महिन्यांची अडचण राहत नाही. पिढ्यांनी चढलेली एकुलती एक पायरी निसटते. ज्याला आपण स्वभावदोष समजत होतो, त्याच्या मागे एक आख्खा समाज उभा राहतो.

आणि इथेच क्वार्शीचा प्रश्नही उभा राहतो, तो मला टाळायचा नाही. असा प्रयोग झाला तर प्रेक्षागृहातला एखादा जण घरी जाताना म्हणेल, ‘बघा, शिकले तरी दारू सुटत नाही त्यांची.’ हा धोका काल्पनिक नाही. ही वाक्यं आपण लोकलच्या डब्यात ऐकतो. म्हणूनच ‘योग्य समाजातला नट घ्या म्हणजे झालं’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही, आणि ते देणाऱ्यांनीही या प्रश्नाचा पुरता विचार केलेला नसतो. नट बदलला की नाटक आपोआप न्याय्य होत नाही. एकट्या सुधाकराची निवड करून भागत नाही. सुधाकराचा मित्र रामलाल कोण, सिंधूचा भाऊ पद्माकर कोण, तळीराम कुठल्या आळीतला, हे सगळं त्या एका निवडीबरोबर पुन्हा मांडावं लागतं. उपदेश करणारा रामलाल वरच्या थरातला आणि बुडणारा सुधाकर खालच्या थरातला, अशी जोडी लावली तर नाटक खोटंच नव्हे, घातक होईल. तळीराम हाच त्यात सगळ्यात सुस्थित, सगळ्यात शुद्ध बोलणारा असला तर? मग प्याला कोण कोणाला पाजतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे एकही वाक्य न वाढवता दिसेल.

‘नट तो नट, कोणीही काहीही करावं’ या विचारातलं मोल मी नाकारत नाही. परकाया प्रवेश हा अभिनयाचा गाभा आहे. ज्याने त्याने आपापल्या जातीच्या, वयाच्या, लिंगाच्याच भूमिका कराव्यात असं म्हटलं तर रंगभूमी म्हणजे जनगणनेचा तक्ता होईल. ब्रिटिश अभिनेत्री ग्लेंडा जॅक्सन यांनी ऐंशीच्या घरात लंडनमध्ये शेक्सपिअरचा राजा लिअर केला तो लिअरच होता. पण कोणीही काहीही करू शकतं, यावरून कोणीही केलं तरी अर्थ तोच राहतो असं निघत नाही. आर्थर मिलरच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ची हकीकत बघा. त्याचा नायक विली लोमन हा लेखकाच्या मनात अंगाने लहानखुरा माणूस होता. १९४९ साली भूमिका मिळाली धिप्पाड ली जे. कॉबला, वय ३७; तेव्हा विलीच्या अंगकाठीबद्दलचा टोमणा त्याच्या थोराड शरीराला साजेसा करून घेतला गेला. १९८४ साली लहान चणीचा डस्टिन हॉफमन विली झाला तेव्हा मूळ शब्द परत आला. फरक एका शिवीचा दिसतो, पण दोन वेगळी नाटकं झाली. एकात मोठा वृक्ष उन्मळून पडतो, दुसऱ्यात जगाने कधी वर बघूच दिलं नाही असा माणूस चेंगरला जातो. पुढे वेंडेल पिअर्सने काळ्या विलीचं घर उभं केलं, आणि त्या घराच्या कर्जाच्या हप्त्यांनाही वेगळं वजन आलं. तिन्ही चांगले नट. मग ‘कोणाचा विली सगळ्यात चांगला’ या प्रश्नाला अर्थ काय उरला?

हाच प्रश्न आपण ‘नटसम्राट’बद्दल पन्नास वर्षं विचारत आलो आहोत. लागू की दत्ता भट? सतीश दुभाषी की यशवंत दत्त? हे नाटक मुळात एका नटाच्या इच्छेतून निघालं. ज्येष्ठ नट नानासाहेब फाटकांना किंग लिअर करायचा होता, त्यासाठी त्यांनी शिरवाडकरांना शब्द टाकला, आणि त्या विचारातून भाषांतराऐवजी गणपतराव बेलवलकर जन्माला आले. आता कल्पना करा, बेलवलकर खुद्द नानासाहेबांनी केले असते. ज्याने खरोखर आयुष्यभर हॅम्लेट, ऑथेल्लोच्या जगात मुशाफिरी केली, ज्याची पिढी मावळली आहे, तो म्हातारा नट रंगमंचावर ‘कुणी घर देता का घर’ म्हणतो आहे. प्रेक्षक उठून उभे राहिले असते, पण त्यांच्या डोळ्यांतलं पाणी नानासाहेबांसाठी असतं. ती एका कलावंताची, एका युगाची कैफियत झाली असती. २३ डिसेंबर १९७० रोजी गोवा हिंदू असोसिएशनने पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या दिग्दर्शनाखाली नाटक आणलं तेव्हा तिथे उभे होते श्रीराम लागू, वय ४३, शस्त्रक्रियेचा व्यवसाय मागे ठेवून आलेले, जुन्या गर्जनेच्या परंपरेत न वाढलेले. म्हणजे जुन्या पठडीचा सम्राट नव्या पठडीच्या, आवरून-तोलून काम करणाऱ्या नटाकडे आला. त्यामुळे बेलवलकरांमधला ‘नट’ थोडा मागे गेला आणि ‘बाप’ पुढे आला. मला वाटतं, हे नाटक नाट्यप्रेमींपुरतं न राहता महाराष्ट्रातल्या घराघरांत शिरलं ते या निवडीमुळे. त्याची किंमतही मोजावी लागली. नट म्हणून बेलवलकरांचा जो अहंकार आहे, सतत टाळ्या लागणारा, घरालाही रंगमंच समजणारा, तो सहानुभूतीखाली झाकला गेला. २०१६ च्या चित्रपटात नाना पाटेकर आले, आणि आपल्या आधीच्या सगळ्या भूमिकांमधला संताप घेऊन आले. तिथे म्हातारा जगाला सुनावतो आणि आपण शिट्ट्या मारतो. बाप आता फिर्यादी झाला.

पण या सगळ्या तुलनेत आपण ज्या निवडीकडे ढुंकूनही बघत नाही, तीच ‘नटसम्राट’चा अर्थ ठरवते, असं माझं ठाम मत आहे. बेलवलकर कोण, यावर रात्र रात्र वाद. मुलगा नंदा, सून शारदा आणि मुलगी नलू कोण, यावर एक अवाक्षर नाही. निर्माताही तिथे हाताला येईल तो नट घेतो, आणि सुनेला आवाजाला धार असलेली, कपाळावर आठी ठेवणारी अभिनेत्री. मालिकांनी तर हा साचा पक्काच करून दिला आहे. पडदा उघडल्यावर दुसऱ्या मिनिटाला प्रेक्षकाला कळतं की ही बाई वाईट आहे. मग उरतं काय? कृतघ्न मुलं आणि देवमाणूस आई-बाप. ही शोकांतिका नव्हे, हे कीर्तन आहे. आणि त्यात प्रेक्षकाला सगळ्यात सोयीची जागा मिळते, कारण कोणीही स्वतःला ती सून किंवा ती मुलगी समजत नाही. तत्त्वज्ञ हेगेलने ‘अँटिगनी’ या ग्रीक शोकांतिकेबद्दल जे म्हटलं ते इथे लागू पडतं: शोकांतिकेत बरोबर आणि चूक भिडत नाहीत, दोन बरोबर भिडतात. अँटिगनीच्या विरोधात उभ्या राजा क्रेऑनला मूर्ख हुकूमशहा केलं की अँटिगनी लहान होते.

शारदेची बाजू संहितेत नाही असं नाही; ती दिसायला माणूस हवा. ठाण्या-डोंबिवलीच्या दोन खोल्यांत संसार करणाऱ्या कोणत्याही सुनेला विचारा. सासरे प्रेमळ आहेत, थोर आहेत. पण ते मोठ्याने बोलतात, नातवंडाला शिव्या शिकवतात, पाहुण्यांसमोर केव्हा नाटक सुरू करतील याचा नेम नाही, आणि सगळा पैसा वाटून टाकल्यामुळे आता प्रत्येक गोष्टीसाठी तिच्या तोंडाकडे बघतात. ही बाई दुष्ट असायची गरजच नाही. ती दमलेली असली तरी पुरे. आपल्याकडे कितीतरी अभिनेत्री आहेत ज्यांचा चेहरा पाहताच प्रेक्षकाला विश्वास वाटतो, ज्या सोज्वळ भूमिकांसाठीच घराघरांत ओळखल्या जातात. त्यांच्यापैकी एकीला शारदा द्या. आणि नलूला, म्हणजे ज्या मुलीच्या घरात म्हाताऱ्यांवर चोरीचा आळ येतो तिला, नाटकातली सगळ्यात मायाळू अभिनेत्री द्या. वडिलांवर जीव असलेली, त्यांच्यासारखीच बोलणारी, हसणारी. मग तो आळ घेताना तिचं तोंड बघवणार नाही. बेलवलकरांची बायको कावेरी त्या घराबाहेर पाऊल टाकते तेव्हा तिला मुलीचा राग येण्याआधी तिची दया येईल. प्रेक्षागृहात बसलेला पंचेचाळिशीचा माणूस, ज्याचे आई-वडील गावाकडच्या घरात किंवा आतल्या खोलीत आहेत, तो त्या रात्री बेलवलकरांसाठी नुसते डोळे पुसून सुटणार नाही.

निर्माते म्हणतील, दुय्यम भूमिकांना नावाजलेली माणसं परवडत नाहीत. खरं असेल. पण मग एका म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठी मिळेल ते नाव मागेल त्या किमतीला आणायचं आणि त्याच्याभोवती उरलेल्या पैशांत माणसं गोळा करायची, या हिशेबाचाच एकदा फेरविचार करा. आणि समीक्षकांनी परीक्षणाच्या शेवटच्या परिच्छेदात नटांची नावं आणि प्रत्येकापुढे एकेक विशेषण लिहिण्याची पद्धत सोडून, हा संच घेतल्यामुळे नाटक कोणाच्या बाजूला झुकलं, हे पहिल्याच परिच्छेदात लिहायला सुरुवात करावी. पुढच्या वेळी ‘नटसम्राट’ नव्या संचात आलं, तर बेलवलकर कोण करतंय हे मी विचारणारच. पण तिकीट काढण्याआधी शारदा कोण करतंय, हे मला कळायला हवं.